खाज कोणी मोजायची? सोरायसिसच्या ‘तीव्रते’चा इतिहास (धागा)

१/
मित्रहो, इतिहास म्हटला की गड, लढाया, तह आणि राजवंश डोळ्यांसमोर उभे राहतात. आजच्या धाग्यात यांपैकी काहीच नाही. आज पाहायचा आहे तो एका मोजपट्टीचा इतिहास. सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा विकार. तो एखाद्याला ‘किती’ झाला आहे, हे कोणी ठरवायचे? अंगावरचे चट्टे पाहणाऱ्या वैद्याने, की ते चट्टे घेऊन जगणाऱ्या माणसाने? हा वाद वरवर पाहता दवाखान्यातला वाटतो. परंतु या वादाच्या निकालावर कोणाला औषध मिळणार आणि कोणाला नाही, हे ठरत आले आहे.

२/
प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. निरोगी त्वचेच्या वरच्या थरातील पेशी तळाशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिनाभराने झडून जातात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेला चिथावत राहते. परिणामी लालसर, जाड चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी खपल्या साचतात. कोपर, गुडघे, टाळू, कंबर या त्याच्या आवडत्या जागा. काहींची नखे बिघडतात, काहींचे सांधे धरतात. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अहवालानुसार जगात किमान दहा कोटी लोक तो घेऊन जगतात.

३/
आता नावाकडे वळू. ‘सोरायसिस’ हा शब्द ज्या ग्रीक ‘सोरा’पासून आला, त्याचा अर्थ खाज. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत खाजऱ्या, खवलेदार त्वचेच्या विकारांसाठी हा शब्द येतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलेन याने ‘सोरायसिस’ हे रूप वापरले खरे. पण त्याने वर्णिलेला पापण्यांचा खाजरा विकार हा आजचा सोरायसिस नव्हे. असो. रोगाच्या नावातच खाज आहे, एवढे लक्षात ठेवावे. धाग्याच्या उत्तरार्धात ते आपल्याला पुन्हा लागणार आहे.

४/
आपल्याकडील वैद्यक याबाबत मुके नव्हते. चरकसंहितेत ‘कुष्ठ’ या एकाच नावाखाली त्वचेचे अठरा विकार मांडले आहेत. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांपैकी ‘एककुष्ठा’ची लक्षणे तीन: घाम न येणे, मोठी जागा व्यापणे आणि माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणे. आजचे अनेक वैद्य या वर्णनाची सांगड सोरायसिसशी घालतात. दोन्ही रोग एकच, असा दावा करण्याचे धाडस आपण करू नये. पण ‘मोठी जागा व्यापणे’ हे लक्षण पाहा. रोगाने अंग किती व्यापले, हा विचार त्या प्राचीन वर्णनातही आहे.

५/
मात्र ‘कुष्ठ’ या एका शब्दात अठरा विकार कोंबले, की त्याची झळ माणसांना बसते. संस्कृतातील ‘कुष्ठ’ काय किंवा युरोपातील ‘लेप्रा’ काय, दोन्ही शब्द पुढे महारोगाशी कायमचे जोडले गेले. ज्याच्या अंगावर खवले, तो संशयित. त्याला पंक्तीतून, घाटावरून, वेशीतून दूर ठेवायचे. अशा जगात ‘तुला किती झाला आहे?’ हा प्रश्न गौण होता. ‘तुला तोच झाला आहे का?’ एवढ्या एका प्रश्नावर माणसाचे भवितव्य ठरत असे.

६/
हा गुंता सोडवण्याचा मोठा प्रयत्न लंडनमध्ये झाला. रॉबर्ट विलन (१७५७ ते १८१२) हे तेथील केरी स्ट्रीटच्या धर्मार्थ दवाखान्यात गरीब रुग्ण तपासत. रोगाचे कारण काय, याविषयी तर्क लढवण्याऐवजी त्यांनी डोळ्यांना जे दिसते त्यावर वर्गीकरण उभारले. पुटकुळी, खवला, फोड, पुळी, डाग, गाठ असे आठ गट. १८०८ मधील त्यांच्या ग्रंथात आजच्या सोरायसिसचे नेमके वर्णन सापडते. परंतु त्याचे गोल चट्टे त्यांनी ‘लेप्रा’ या नावाखाली टाकले आणि अनियमित चट्टे ‘सोरायसिस’ या नावाखाली. वर्णन अचूक, पण नावात जुना कलंक शिल्लक.

७/
तो कलंक पुसला व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी. १८४१ मध्ये त्यांनी विलन यांचे दोन्ही गट हा एकच रोग असल्याचे मांडले आणि त्याच्या वर्णनातून ‘लेप्रा’ हा शब्द काढून टाकला. पुढे १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि दोन्ही रोगांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. ग्रंथांत वेगळ्या झाल्या, असे म्हणणे अधिक योग्य. लोकांच्या मनातली गल्लत अशी एका शतकात जात नाही. तिचा पुरावा पुढे येईलच.

८/
विलन आणि हेब्रा यांचे सामर्थ्य एकच होते: नजर. त्वचारोगशास्त्र हे पाहण्याचे शास्त्र म्हणून वाढले. चट्ट्याचा रंग, कड, खपली, जागा यांची भाषा तयार झाली. या भाषेत रुग्णाला मात्र जागा नव्हती. तो चट्टा वाहून आणणारा होता, साक्षीदार नव्हता. ज्ञान पुढे जाण्यासाठी ही शिस्त आवश्यक होती, हे मान्य करायलाच हवे. पण त्या शिस्तीची किंमत पुढे चुकवावी लागली.

९/
येथे कथेत अनपेक्षितपणे गोवा येतो! एकोणिसाव्या शतकात गोव्यातून आणि मुंबईतून ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर भुकटी विकली जात असे. गजकर्णावर ती रामबाण मानली जाई. मुंबईतील औषधविक्रेते केंप यांनी १८६० च्या दशकात तिच्याविषयी लिहिले. ही भुकटी मूळची गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधील बाहिया प्रांतातल्या ‘अरारोबा’ वृक्षाच्या खोडात ती मिळे आणि पोर्तुगिजांच्या व्यापारमार्गाने गोव्यात येई. पोर्तुगीज साम्राज्याच्या एका टोकाचे झाड दुसऱ्या टोकाला औषध म्हणून नावारूपाला आले.

१०/
१८७० च्या दशकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी या भुकटीतील द्रव्य सोरायसिसवर वापरले आणि चट्टे खरोखरच विरू लागले. पुढे १९१६ मध्ये जर्मनीत तिच्यावरून बेतलेले कृत्रिम औषध आले. ते म्हणजे डिथ्रॅनॉल. ते आजही वापरात आहे. परंतु या औषधांची दुसरी बाजूही होती. आसपासची निरोगी त्वचा भाजल्यासारखी होई. कपडे, चादरी, टॉवेल यांवर जांभळट-तपकिरी डाग पडत आणि ते धुऊन निघत नसत. डॉक्टरांच्या वहीत ‘चट्टे कमी झाले’ अशी नोंद होई. घरी रोज डागाळलेल्या चादरी धुणाऱ्याची नोंद कोठेच नव्हती. हा मुद्दाही लक्षात ठेवावा.

११/
विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीव्रता सांगण्यासाठी तीनच शब्द होते: सौम्य, मध्यम, तीव्र. एका डॉक्टरचा ‘मध्यम’ हा दुसऱ्याचा ‘तीव्र’ असे. मोजण्याची पहिली उपयुक्त युक्ती भाजलेल्या रुग्णांच्या उपचारातून आली. एडिंबराचे शल्यविशारद वॉलेस यांनी १९५१ मध्ये ‘नवाचा नियम’ प्रसिद्ध केला. डोके ९ टक्के, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धड पुढून १८ आणि मागून १८. उरलेला १ टक्का जांघेचा. बोटांसह रुग्णाचा तळहात म्हणजे अंदाजे १ टक्का, हीही एक सोयीची फूटपट्टी. आता व्याप्ती आकड्यांत सांगता येऊ लागली.

१२/
यानंतरचे वर्ष कोरून ठेवण्यासारखे: १९७८. स्वीडनमधील फ्रेड्रिक्सन आणि पेटरसन हे दोघे तीव्र सोरायसिसवर एट्रेटिनेट नावाचे नवे औषध तपासत होते. औषधाने गुण आला, हे दाखवायचे तर आधीची आणि नंतरची अवस्था आकड्यांत हवी. त्यासाठी त्यांनी एक सूत्र बेतले. त्याचे नाव ‘सोरायसिस एरिया अँड सिव्हिअरिटी इंडेक्स’, म्हणजेच ‘पासी’. तेव्हाचे ते औषध आज बहुतेकांच्या स्मरणातही नाही. पण त्याच्या चाचणीसाठी केलेले सूत्र जगभरच्या त्वचारोगशास्त्राचे मापदंड होऊन बसले.

१३/
पासी काढतात ती अशी. शरीराचे चार भाग करायचे. डोके, हात, धड आणि पाय. त्यांचे वजन अनुक्रमे ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४. प्रत्येक भागात लाली, जाडी आणि खपल्या यांना ० ते ४ गुण द्यायचे व त्यांची बेरीज करायची. मग त्या भागाचा किती हिस्सा रोगाने व्यापला, यासाठी ० ते ६ गुण. १० टक्क्यांहून कमी असल्यास १, १० ते २९ टक्के असल्यास २, असे चढत जाऊन ९० टक्के व त्यापुढे ६. बेरीज, व्याप्ती आणि वजन यांचा गुणाकार करायचा. चारही भागांचे उत्तर मिळवले की ० ते ७२ मधील एक आकडा हाती येतो.

१४/
या सूत्राचे उपकार मोठे आहेत. पुणे, पॅरिस आणि पेरू येथील रुग्णांची तुलना एकाच भाषेत होऊ लागली. औषध खरेच चालते की केवळ डॉक्टरला तसे वाटते, हे तपासता येऊ लागले. ‘पासी ७५’ म्हणजे मूळ आकडा ७५ टक्क्यांनी खाली येणे. हा पुढे औषधांच्या चाचण्यांतील मान्य निकष ठरला. नव्या औषधांमुळे अपेक्षा वाढत गेल्या, तसे ‘पासी ९०’ आणि ‘पासी १००’ हेही शब्द रूढ झाले. पासीला नावे ठेवण्यापूर्वी हे श्रेय द्यायलाच हवे.

१५/
आता आपण एक कल्पित उदाहरण सोडवू. वही घ्या. एक शिवणकाम करणारी बाई आहे. रोग फक्त दोन्ही तळहातांवर, पण तेथे त्वचा जाड झाली आहे आणि भेगा पडल्या आहेत. लाली ३, जाडी ३, खपल्या ३, बेरीज ९. दोन्ही तळहात मिळून हातांच्या एकूण पृष्ठभागाच्या १० टक्क्यांच्या किंचित आतच भरतात, म्हणून व्याप्तीचा गुण १. हातांचे वजन ०.२. गुणाकार केला की पासी येतो १.८. कमाल ७२ पैकी १.८! कागदावर हा अत्यंत सौम्य रोग. प्रत्यक्षात तिला सुई धरता येत नाही, भाकरी थापता येत नाही, आणि तिच्या हातचा चहा घेताना शेजारीण कचरते.

१६/
दुसरे उदाहरण. एक गृहस्थ. धडाचा साधारण ३५ टक्के भाग आणि पायांचा २० टक्के भाग रोगाने व्यापलेला. लाली, जाडी, खपल्या सर्वत्र २. धडाचे गुण: ०.३ गुणिले ६ गुणिले ३, म्हणजे ५.४. पायांचे: ०.४ गुणिले ६ गुणिले २, म्हणजे ४.८. एकूण १०.२. हा आकडा ‘तीव्र’च्या उंबरठ्याच्या आत. पण चट्टे शर्ट-पँटखाली झाकलेले, खाज बेताची, आणि गृहस्थांचा स्वभाव निर्धास्त. त्यांची कामे विनाअडथळा चालू आहेत. दोन्ही आकडे गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. चूक बेरजेत नाही. काय मोजायचे, या निवडीत ती आहे.

१७/
आणखी दोन उणिवा. पहिली रंगाची. पासी जन्मली स्वीडनमध्ये, गोऱ्या त्वचेसमोर. तेथे ‘लाली’ ठळक दिसते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तीच जळजळ जांभळट, करडी वा तपकिरी दिसते. ‘लाल’ शोधणारी नजर तिला कमी गुण देते. दुसरी उणीव अधिक विलक्षण. या सूत्रात खाजेला जागाच नाही. आता तिसरा मुद्दा आठवा. ज्या रोगाच्या नावाचा अर्थच खाज, त्याच्या सर्वांत प्रतिष्ठित मोजपट्टीवर खाजेसाठी एकही घर नाही. कारण उघड आहे. खाज डॉक्टरला दिसत नाही. ती रुग्णाला विचारावी लागते.

१८/
रुग्ण मात्र बोलत होते. अमेरिकेचे नामवंत कादंबरीकार जॉन अपडाइक यांना बालपणापासून सोरायसिस होता. १९८५ मध्ये त्यांनी ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात स्वतःच्या त्वचेशी चाललेल्या युद्धावर दीर्घ लेख लिहिला. एकांतात बसून करता येईल असा लेखनाचा व्यवसाय निवडण्यामागे, समुद्रकिनाऱ्याजवळच्या गावी ऊन मिळावे म्हणून राहण्यामागे आपली त्वचाच होती, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्याआधी १९७६ मध्ये त्यांनी सोरायसिसच्या रुग्णावर कथा लिहिली होती. तिच्या शीर्षकात त्यांनी त्या रुग्णाला काय म्हटले? ‘लेपर’, म्हणजे महारोगी. हेब्रांनी शब्द पुसल्यानंतर १३५ वर्षांनी!

१९/
अपडाइक यांच्या आयुष्याची ही दिशा कोणत्या पासीत बसवणार? हा प्रश्न काही डॉक्टरांनाही पडला होता. ब्रिटनमधील अँड्र्यू फिनले आणि केली यांनी १९८७ मध्ये सोरायसिसमुळे दैनंदिन जीवनात येणारे अपंगत्व मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे कार्डिफमध्ये फिनले आणि खान यांनी त्वचेच्या निरनिराळ्या विकारांच्या १२० रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला: या रोगाने तुमच्या जगण्यात काय काय बदलले? त्या उत्तरांतून १९९४ मध्ये दहा प्रश्नांची सूची तयार झाली. ‘डर्मटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स’, म्हणजेच ‘डीएलक्यूआय’.

२०/
गेल्या आठवड्याविषयीचे दहा प्रश्न. खाज वा वेदना किती? लाज वाटली का? बाजारहाट आणि घरकाम अडले का? कपडे निवडताना विचार करावा लागला का? चारचौघांत मिसळणे, खेळ, नोकरी वा शिक्षण, जवळची माणसे, शरीरसंबंध? आणि दहावा प्रश्न: उपचाराचाच त्रास किती झाला, घर खराब झाले का, वेळ गेला का? प्रत्येकी ० ते ३ गुण, कमाल ३०. पहिल्याच प्रश्नात खाज परतली, हे लक्षात आले ना? आणि दहाव्या प्रश्नात गोवा पावडरीने डागाळलेल्या त्या चादरींना शतकानंतर नोंदवहीत जागा मिळाली.

२१/
१९९५ मध्ये फिनले आणि कोल्स यांनी तीव्र सोरायसिसच्या ३६९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उरलेला दिवस त्वचा निरोगी राहणार असेल, तर रोज दोन-तीन तास उपचारांत घालवण्याची जवळजवळ निम्म्यांची तयारी होती. रोजचे तीन तास म्हणजे वर्षाला हजारांहून अधिक तास. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की शारीरिक व मानसिक जीवनावर सोरायसिसचा बोजा कर्करोग, हृदयविकार, मधुमेह अशा मोठ्या रोगांच्या तोडीचा असतो. ‘त्वचेचेच तर आहे’ हे वाक्य त्यानंतर शास्त्राच्या पातळीवर तरी टिकले नाही.

२२/
मग रुग्णाचा आकडा हाच खरा आणि डॉक्टरचा खोटा, असा निष्कर्ष काढावा काय? थांबा. डीएलक्यूआयही निर्दोष नाही. त्यात ‘मला लागू नाही’ हे उत्तर शून्य गुणांचे धरले जाते. पोहणे सोडून दहा वर्षे झालेला माणूस खेळाच्या प्रश्नावर ‘लागू नाही’ लिहितो आणि त्याचा त्रास कमी भरतो. ज्या समाजात शरीरसंबंधांचा प्रश्न वाचूनच मान खाली जाते, तेथेही तेच. रोगाने जगणे जितके आकसले, तितका आकडा बरा दिसतो! ही त्रुटी भरून काढणारी सुधारित गुणपद्धती २०१८ मध्ये मांडली गेली.

२३/
शिवाय माणूस सोसायला शिकतो. वीस वर्षांचा रुग्ण ज्या चट्ट्याने कोलमडतो, तोच चट्टा साठीच्या आजींना सवयीचा झालेला असतो. त्यांनी प्रश्नावलीत ‘त्रास नाही’ लिहिले म्हणून त्यांच्या सांध्यांतील किंवा त्वचेतील दाह कमी होत नाही. तेथे डॉक्टरची नजरच कामी येते. दोन्ही साक्षी अपुऱ्या आहेत, पण त्यांचे अपुरेपण वेगवेगळ्या जागी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. बखर आणि सरकारी दफ्तर यांचे मेळ बसत नाहीत, तेव्हा आपण एक फाडून टाकत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचतो.

२४/
हा वाद अभ्यासिकेतून तिजोरीपर्यंत पोहोचला तो एकविसाव्या शतकात. २००३ पासून अमेरिकेत सोरायसिससाठी जैविक औषधांना मान्यता मिळू लागली. गुण मोठा, किंमतही मोठी. मग ती द्यायची कोणाला? २००५ मध्ये फिनले यांनी ‘दहाचा नियम’ सुचवला. व्याप्ती १० टक्क्यांहून अधिक, किंवा पासी १० हून अधिक, किंवा डीएलक्यूआय १० हून अधिक. यांपैकी एक असले तरी रोग तीव्र समजावा. २००६ मध्ये ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने सरकारी खर्चाने एटानरसेप्ट देण्यासाठी अट घातली: पासी किमान १० ‘आणि’ डीएलक्यूआय १० हून अधिक.

२५/
‘किंवा’ आणि ‘आणि’ यांतला फरक पाहा. आपल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा डीएलक्यूआय समजा २२ आहे. फिनले यांच्या नियमाने तिचा रोग तीव्र. ‘आणि’ची अट लावली, की १.८ पासीमुळे ती बाहेर. त्या गृहस्थांचा डीएलक्यूआय ३ असेल, तर ‘आणि’च्या अटीने तेही बाहेर, आणि तेथे ती अट कदाचित योग्यच. एका उभयान्वयी अव्ययावर माणसाचे औषध अवलंबून! तहाच्या कलमांतील एका शब्दाने मुलूख गेल्याची उदाहरणे आपण वाचतो. हेही त्याच जातीचे.

२६/
यावर तोडगे निघत गेले. २००० मध्ये इंग्लंडमधील सॅल्फर्डच्या डॉक्टरांनी एका आकड्याऐवजी तीन आकडे शेजारी ठेवले: आजची चिन्हे, मनावरचा बोजा आणि आजवर घ्यावे लागलेले उपचार. २०११ मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी मान्य केले, की दर्शनी भाग, टाळू, जननांग, तळहात-तळपाय, नखे किंवा तीव्र खाज असेल, तर कमी पासीचा रोगही वरच्या वर्गात धरावा. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला आणि रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या कलंकाची दखल घेतली.

२७/
आणि २०२० मध्ये इंटरनॅशनल सोरायसिस कौन्सिलने ‘सौम्य, मध्यम, तीव्र’ ही जुनी उतरंडच बाजूला सारण्याचा प्रस्ताव मांडला. रुग्ण दोनच गटांत पाहावेत: ज्यांना लावण्याचे औषध पुरेसे आहे ते, आणि ज्यांना पोटातून वा इंजेक्शनने उपचार हवेत ते. व्याप्ती १० टक्क्यांहून अधिक, किंवा रोग नाजूक जागी, किंवा लावण्याच्या औषधाने गुण न येणे. यांपैकी एक पुरे. येथे ‘किंवा’ परतला. आपल्या बाईला, निदान कागदावर तरी, दार उघडले.

२८/
या इतिहासातून काय हाती लागते? विलन आणि हेब्रा यांच्या नजरेने रुग्णाला ‘लेप्रा’च्या नावातून सोडवले. फ्रेड्रिक्सन आणि पेटरसन यांच्या सूत्राने उपचारांना शिस्त दिली. फिनले यांच्या दहा प्रश्नांनी रुग्णाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचा मान दिला. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची चूक दाखवते, पण तिच्यावरच उभी राहते. मोजमाप तटस्थ असते असे आपण धरून चालतो. वस्तुतः काय मोजायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती निकालाचाही मोठा भाग असतो.

२९/
मित्रहो, तुमच्यापैकी कोणाला, किंवा तुमच्या घरात कोणाला सोरायसिस असेल, तर एक लहानशी विनंती. पुढच्या वेळी तपासणीला जाताना चट्टे तर दाखवाच. पण काय काय करणे सोडून दिले आहे, त्याचीही यादी न्या. कोणते कपडे, कोणता खेळ, कोणती लग्नसमारंभांची आमंत्रणे, किती रात्रींची झोप. ती यादी म्हणजे तक्रार नव्हे, पुरावा आहे. आणि ज्यांना हा रोग नाही त्यांनी शेजारच्याने पुढे केलेला हात हातात घ्यावा. त्यासाठी कोणत्याही मोजपट्टीची आवश्यकता नाही.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि पुरवण्या खाली अवश्य लिहाव्यात.